दोन्ही बाह्या डाव्या

कोट शिवण्यात त्या शिंपीणबाईचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. काम करताना ती गुणगुणायची, तेवढंच तिचं सुख. भाचीने त्या गुणगुणण्याचा व्हिडिओ मोबाईलवरून जगाला दाखवला आणि कुणा अनोळखी मेल्याने खाली लिहिलं, ‘म्हातारीचा गळा आवळा.’ झालं! आठवडाभर बाईची झोप उडाली, गुणगुणणं बंद पडलं. एक टाका घातला की त्या मेल्याला एक शिवी टाइप करायची.

आज संध्याकाळी कोट न्यायला गिऱ्हाईक येणार होतं. बाह्या कापताना कापड दुमडून घ्यायचं असतं, म्हणजे एक डावी निघते, एक उजवी. उत्तर देण्याच्या नादात हिने एकेक बाही सुटी कापली आणि दुसरीला कागदी नमुना उलटायचाच विसरली.

काजं करणाऱ्या थोरल्या जावेने बाह्या उचलून पाहिल्या. “दोन्ही डाव्या? गिऱ्हाईकाला उजवा हात नाही का गं?”

“तोंड सांभाळा, जाऊबाई!”

“तीस वर्षं तुझं बेसूर रडगाणं ऐकलं, कधी बोलले? आणि त्या टवाळाच्या एका ओळीवर तू हातातला धंदा घालवतेस!”

“तुमच्या मनातही तेच होतं म्हणा की!”

“होतं! पण मी इथे बसून ऐकत होते. तो कोण लागतो तुझा?”

तिला जास्तच राग आला. उरलेलं कापड जेमतेम एका बाहीपुरतं होतं; आता चूक परवडणारी नव्हती. तिने मोबाईल बंद करून खणात आपटला, कात्री उचलली आणि जावेकडे न बघता म्हणाली, “त्याचं तोंड बंद झालं. आता तुमचं कसं करू, तेवढं सांगा.”