आबांच्या स्टेटसवरचं आवतण

माझ्या माहेरच्या माणसांना मोबाईल विकायला बंदी असावी, असं माझं शांतपणे बनलेलं मत आहे.

मी सांगलीतल्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. पोरांना शिकवते त्याचा पगार मिळतो. माहेरच्यांना फुकट शिकवते, त्याच्या शिव्या मिळतात. आटपाडीच्या रस्त्याला आमचं गाव आहे. तिथं कुणाचाही फोन रुसला, की घरोघरी एकच तोडगा: ‘वैशीला इचारा!’ मग वैशी वर्गात असो, भाकरी थापत असो, नाहीतर दाताच्या डॉक्टरपुढं आ वासून पडलेली असो. (एकदा खरंच पडले होते. आईनं विचारलं, ‘फोन लय तापलाय, काय करू?’ मी ‘आ आ’ एवढंच करू शकले. त्याचा अर्थ तिनं ‘पाण्यात ठेव’ असा लावला!)

आणि प्रश्न तरी कसले! आईचा फोन येतो, ‘वैशे, फोनातनं उजेड पडतुय गं. पोलक्यात ठिवला तरी भाईर दिसतुय. देवळात बाया माज्याकडं बघाय लागल्या.’ टॉर्च चालू! शेजारच्या शांताकाकू म्हणतात, ‘म्हशीचा फोटू काडाय गेलं की माजंच त्वांड येतंय.’ कॅमेरा उलटा! बरं, सांगून समजावं, तर तेही नाही. ‘कोपऱ्यात बघा, गोल बाणाची खूण आहे,’ असं म्हटलं की काकू स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहतात. मी चिडते, ओरडते, फोन आपटते. आपटलेल्या फोनची काच मला माझ्या पैशानं बदलावी लागते.

तर यंदाची जत्रा.

आमच्याकडं जत्रेला बोकड पडतं आणि आपली माणसं जेवायला बोलवायची असतात. माझे वडील, आबा, दरवर्षी स्वतः फोन करून आवतण द्यायचे. यंदा त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बोलायला बंदी घातली. आबा फौजेतले निवृत्त हवालदार. हुकूम म्हणजे हुकूम! त्यांनी हातवारे करायचे आणि आईनं अर्थ सांगायचा, अशी व्यवस्था सुरू झाली. आबांनी एक बोट वर केलं की आई सांगायची, ‘ते म्हणत्यात पानी द्या, आन् जावाईबापू गेल्या साली जत्रंला आलं न्हाईत, औंदा तरी येणार हायत का?’ एका बोटात एवढं मावत नाही, हे मला कळत होतं. आबांनाही कळत असावं, पण ते बिचारे सांगणार कसे?

यंदाच्या आवतणाला फार मोल होतं. माझा धाकटा भाऊ विक्रम डाळिंबाची बाग करतो. आमच्या भागात खडकात पाणी लागेल, पण शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळणार नाही, अशी परिस्थिती. तिशी उलटली, स्थळं बघून बघून मध्यस्थाच्या चपला झिजल्या, तेव्हा कुठं वाईचं एक स्थळ जमत आलं होतं. मुलीला विक्रम पसंत होता. विक्रमला मुलगी इतकी पसंत होती, की तो बागेत फवारणी करताना शीळ घालायला लागला होता. मुलीच्या वडिलांना फक्त घर आणि माणसं बघायची होती. त्यांनी मध्यस्थाकडं निरोप दिला, ‘जत्रंला आवतण येऊ द्या, मग येतो.’ म्हणजे विक्रमचं लग्न त्या आवतणावर येऊन थांबलं होतं.

आदल्या शनिवारी मी माहेरी गेले. उंबऱ्यात चपला काढल्या नाहीत, तोवर सोप्यात रांग! शांताकाकू फोन घेऊन. आई फोन घेऊन. बोकड बघायला आलेले रशीदचाचा मुलाणी, तेही फोन घेऊन. विक्रमनं आबांचा फोन माझ्या हातात कोंबला. ‘ताई, ह्यांचं सगळं नंतर. आदी आवतण धाड.’

‘आबा, कुणाकुणाला सांगायचं?’

आबांनी डोक्यावरून पदर घेतल्यासारखं केलं. आत्या. मिशी पिळली. मामा. मग उठून उभे राहिले, दोन्ही हात जोडले आणि कमरेत वाकले. वाईचे पाहुणे! शेवटी एक बोट दाखवलं.

‘ते म्हणत्यात, बोकुड येकच हाय. आपलीच मानसं,’ आई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं एका बोटाचा एका बोटाएवढा अर्थ सांगितला.

आता शहाण्या बाईनं काय केलं असतं? तीन घरांना तीन मेसेज पाठवले असते. पण मी कॉम्प्युटरच्या बाई! मी म्हणाले, ‘एकेकाला कशाला? झकास स्टेटस ठेवू. आणि ते फक्त आपल्याच माणसांना दिसेल असं करू. हे सेटिंग भल्याभल्यांना माहीत नसतं!’ (हे मी ज्या तोऱ्यात म्हणाले, तो तोरा आता आठवला की स्वतःच्याच कानाखाली द्यावीशी वाटते.)

मी आबांचा वर्दीतला फोटो घेतला, मागं गावदेवाचं शिखर लावलं आणि खाली लिहिलं: ‘यात्रेनिमित्त सहकुटुंब, सहपरिवार जेवायला यावे. वेगळ्या फोनची वाट बघू नये. हेच आग्रहाचे आमंत्रण समजावे.’ शेवटची दोन वाक्यं खास माझी. त्यांचं मी स्वतःशी कौतुकही केलं.

आता सेटिंगमध्ये माणसं निवडायची. तेवढ्यात रशीदचाचांनी त्यांचा फोन माझ्या नाकापुढं धरला.

‘वैशाली, ह्याच्यात बाई बसलीया बघ. कुटं बी बोट लावलं की बोलती. काल बोकुड हलाल कराय बसलो, तर खिशातनं म्हनती, बॅटरी कमी आहे!’

‘चाचा, थांबा जरा!’

‘म्या थांबतो, पर ती थांबंना की.’

‘माजी म्हस आदी!’ शांताकाकू ओरडल्या. आईच्या पोलक्यातून उजेड माझ्या डोळ्यांवर आला. चाचांच्या फोनमधली बाई ‘मागे जा, मागे जा’ म्हणायला लागली. माझं डोकं फिरलं. मी दातओठ खात आबांच्या फोनवर खूण करत सुटले. आत्या, खूण! मामा, खूण! वाईचे पाहुणे, दणकून खूण! ‘झालं! आता मला कुणीही काहीही विचारू नका!’ असं सगळ्या सोप्याला बजावून मी चहा प्यायला आत गेले.

जत्रेच्या दिवशी पहिले पाहुणे आले ते बापूकाका.

बापूकाका आबांचे चुलतभाऊ. शेताच्या बांधावरून दोघांचं बोलणं तुटलेलं, इतकं की समोरासमोर आले तर एक जण गटारीतून जायचा. ते बापूकाका नवी टोपी घालून, सुनानातवंडांसह दारात उभे! आबा ताडकन उठले आणि डॉक्टरांची बंदी मोडून ओरडायला गेले, ‘ह्येला कुनी बोलीवलं?’ पण घशातून नुसताच ‘खर्र, खर्र’ असा आवाज आला. बापूकाकांना वाटलं, भावाला हुंदका फुटला. त्यांनी आबांना मिठीच मारली.

‘दादा, आजारपणातबी तुला माजी याद आली रं! फोन केला न्हाईस तरी राग न्हाई. लिवलंच हुतंस तू, ह्येच आवतण समजा म्हनून!’



त्यांच्यामागून गॅसची टाकी टाकणारा आला, बायकोसह. मग खताचा दुकानदार आला. मग आबांनी ज्यांना म्हैस विकली होती ते आले. ती म्हैस दूध देत नाही, ही तक्रार त्यांनी जेवणापुरती बाजूला ठेवली. मग घशाचे डॉक्टर आले आणि आबांनी तोंड उघडलेलं बघून आल्या आल्या आबांनाच झापलं. शेवटी मध्यस्थ आले आणि सरळ पंगतीत बसले. आमचं एक माणूस नाही! आत्या नाही, मामा नाही आणि वाईचे तर नाहीतच.

‘रश्श्यात पानी वत!’ आई चुलीपाशी ओरडत होती. ‘आजून वत!’ सकाळी लालभडक असलेला रस्सा दुपारपर्यंत गुलाबी झाला. रशीदचाचा मात्र खुशीत. ‘मलाबी दिसलं आवतण. म्हनलं, हवालदारानं औंदा हात सैल सोडलाय. म्हनून दुसरं बोकुड बी बगून ठिवलंय!’ ते दुसरं बोकुडही पडलं.

मी आबांचा फोन घेऊन गोठ्यात गेले आणि सेटिंग उघडलं. तिथं दोन ओळी होत्या. एक, ‘फक्त यांनाच दाखवा.’ दुसरी, ‘यांना सोडून सगळ्यांना दाखवा.’ मी दुसरी ओळ निवडली होती आणि तिच्यात आपल्या माणसांवर दणादण खुणा केल्या होत्या! म्हणजे अख्ख्या मुलखाला आवतण गेलं होतं. फक्त ज्यांना बोलवायचं होतं, तेवढ्यांना वगळून. मी तिथंच म्हशीच्या शेजारी मटकन बसले.

तेवढ्यात मध्यस्थांचा आवाज आला. ते जेवता जेवता वाईच्या पाहुण्यांशी फोनवर बोलत होते. ‘तुमी कवा पोचताय? आमी तर बसलो की पंगतीला... आवतण न्हाई? आवं, असं कसं? आमच्या संगं गॅसवाला बसलाय!’

मी धावले, पण उशीर झाला होता. विक्रमच्या हातातली रश्श्याची बादली खाली गेली. ती तशीच टाकून तो बागेकडं चालू लागला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. संध्याकाळी आत्याचा फोन आला, ती मात्र माझ्या वाटणीचं आणि विक्रमच्याही वाटणीचं ओरडली.

दुसऱ्या दिवशी गाव कुस्त्यांच्या मैदानाकडं निघालं होतं, तेव्हा दारात गाडी थांबली. वाईचे पाहुणे! गप्प बसून नकार कळवणाऱ्यातले ते नव्हते. विक्रमचा फोटो परत करायला आणि तोंडावर बोलायला आले होते. सोप्यात बसलेही नाहीत.

‘गॅसवाल्याला आवतण, डॉक्टरला आवतण, आन् आमी कोन? स्थळ नको हुतं तर नको म्हनायचं हुतं. असा अपमान कशापायी?’

मी पुढं झाले. ‘काका, चूक माझी आहे. स्टेटसचं सेटिंग चुकलं. मी तुम्हाला निवडायला गेले आणि तुम्हीच वगळले गेलात.’

‘ताई, तुमी कॉम्प्युटरच्या बाई. आमी चौकशी केलीय. एवढ्या पोरांस्नी शिकवता आन् तुमाला दोन ओळीतला फरक कळंना व्हय? हे कुनाला तरी अडाण्याला सांगा. मुद्दाम केलंय तुमी!’

झाली ना पंचाईत! मी हुशार ठरले, तर भावाचं लग्न मोडणार. लग्न जमायचं, तर मी ठार अडाणी ठरायला हवी. विक्रम खांबाला धरून उभा होता. आयुष्यभर ज्या एका गोष्टीचा तोरा मिरवला, तो मी गिळला.

‘काका, शपथेवर सांगते. मला मोबाईलमधलं खरंच काही कळत नाही.’

‘न्हाई पटत,’ पाहुणे म्हणाले आणि फोटो पुढं केला.

आणि मग माझं माहेर माझ्या मदतीला धावलं.

‘आवं, हिला कायबी येत न्हाई!’ आई पदर खोचून पुढं आली. ‘माजा फोन हिच्यापायी पान्यात घातला म्या!’

‘म्या कवाधरनं म्हनतीया,’ शांताकाकू म्हणाल्या, ‘माजी म्हस आजून फोटूत आली न्हाई. लय मोट्यानं वरडती, पर समजत कुनाला न्हाई.’

रशीदचाचांनी खिशातून पुरावाच काढला. बोट लावताच फोनमधली बाई ‘मागे जा’ म्हणाली. ‘बगा! शनवारी दावला हुता हिला. आजून बोलती!’

‘चाचा, तुम्ही बघू दिलंत का मला?’ मी किंचाळले.

‘बगा, बगा, अशीच वरडती!’ सगळे एका सुरात.

आबांना बोलता येत नव्हतं. त्यांनी पाहुण्यांकडं बघितलं, माझ्याकडं बोट केलं आणि कपाळावर हात मारला. आईनं लगेच अर्थ सांगितला. ‘ते म्हनत्यात, शिक्षनावर केलेला समदा खर्च वाया गेला.’

इतकी वर्षं यांच्या फोनपायी मी घसा फोडला, दाताच्या डॉक्टरपुढं पडून ‘आ आ’ केलं, आणि एकानं, निदान एकानं म्हणावं की नाही, ‘थोडंफार येतं हो तिला’? माझ्या डोळ्यांत रागानं पाणी आलं. पाहुण्यांना ते खरं वाटलं. हळूहळू त्यांचा चेहरा सैल झाला, मिशी हलली आणि ते खो खो हसत चौरंगावर बसले. ‘पटलं, पटलं! एवढी मानसं येकदम खोटं बोलनार न्हाईत.’ फोटो त्यांनी परत खिशात घातला. आईनं बाजूला काढून ठेवलेलं मटण गरम केलं. जेवताना सुपारीचा विषय त्यांनीच काढला आणि विक्रम बाहेर जाऊन उगाचच डाळिंबाची रिकामी पाटी झाडत राहिला.

हात धुऊन पाहुण्यांनी मुलीला आनंदाची बातमी कळवायला फोन काढला. बराच वेळ खालीवर बोटं फिरवली, कपाळाला आठ्या घातल्या आणि पुटपुटले, ‘आता ह्याचा आवाज कुटं गेला?’

सवयीनं माझा हात पुढं गेला. ‘आणा इकडं, मी बघते.’

पाहुण्यांनी घाईघाईनं फोन छातीशी धरला.

‘ऱ्हाऊ द्या, ताई,’ ते अगदी मायेनं म्हणाले. ‘वाईला गेलो की कुनातरी जानत्या मानसाला इचारतो.’