वकीलसाहेब वरच्या खुर्चीत

विधानसभेच्या प्रेक्षक गॅलरीत टाळ्या वाजवायच्या नसतात, हे मला पन्नाशी उलटल्यावर, खांद्यावर पहारेकऱ्याचा हात पडला तेव्हा कळलं. अध्यक्ष आत आले, सगळं सभागृह उभं राहिलं, आणि मी कुस्तीच्या फडात असल्यासारखा एकटाच वाजवत सुटलो. पुढे सगळा वेळ दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो. शेजारी मेव्हणा होता. त्यानं ओळखच दाखवली नाही.

पण टाळी उगाच नव्हती. हे अध्यक्ष म्हणजे भोरच्या कोर्टातले आमचे वकील. भाटघर धरणाच्या पाण्याच्या अल्याड आमचं गाव, पल्याड बायकोचं माहेर. अंगणातून तिला आईच्या घराचं छप्पर दिसतं, पण जायचं तर होडी, नाहीतर एवढा मोठा वळसा. सासूबाईंना हल्ली दम लागतो. दवाखान्यात न्यायचं तर खाटेसकट होडीत.

कोर्टात आमच्या दोन्ही गावांच्या वाटेचा दावा होता. न्यायाधीश म्हणायचे वेळ संपली, पुढची तारीख घ्या, वकीलसाहेब उभेच. साहेब, माझ्या अशिलांची होडी अंधाराच्या आत सुटते, आजच ऐका. आणि ऐकावं लागायचं. त्या उभं राहण्यावरच आम्ही त्यांना आमदार केलं. पुढे ते अध्यक्ष झाले, तेव्हा पार नसरापूरपर्यंत गुलाल. अध्यक्षाला सभागृहात प्रश्न विचारता येत नाही, हे गुलाल उधळणाऱ्यांत एकालाही ठाऊक नव्हतं. त्यात मी सगळ्यांत पुढे.

म्हणजे बोलायला पाठवला, त्याचंच तोंड बंद. धरणाच्या पाण्यावर पूल व्हावा, हा आमचा प्रश्न शेवटी परजिल्ह्यातल्या एका आमदाराच्या हातापाया पडून मांडायला लावला. त्याची पाळी आली, तो उठला, पहिलं वाक्य होतंय तोच अध्यक्षांच्या खुर्चीतून शब्द आले, "वेळ संपली. उत्तर छापील मिळेल. खाली बसा."

आवाज तोच, कोर्टातला.

छापील उत्तर मिळालं. पुलाअभावी लोकांना होडीने जावे लागते, हे खरे आहे काय? तर, हे अंशतः खरे आहे. अंशतः म्हणजे काय? सासूबाई अर्ध्या होडीत आणि अर्ध्या पाण्यात? अजून डोकं तापतं.

नंतर त्यांनी आम्हाला दालनात बोलावून चहा पाजला. म्हणाले, "दाजी, ह्या खुर्चीला मतदारसंघ नसतो. इथं मी कुणाचाच वकील नाही." असेल तसा नियम. पण मतं मागायला आलात तेव्हा का नाही सांगितला? आणि त्या आमदाराला दोन वाक्यं जास्त बोलू दिली असती, तर कोणतं आभाळ कोसळत होतं? हे सगळं मला परतीच्या एसटीत, कात्रजच्या बोगद्यात सुचलं. दालनात मी म्हणालो होतो, बरोबर आहे साहेब. वर बिस्कीटही उचललं होतं.

घरी आल्यावर बायकोनं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पल्याड बघत म्हणाली, "खुर्चीला मतदारसंघ न्हाई ना? मग येत्या निवडणुकीला खुर्चीच धाडा म्हनावं मतं मागायला. आन् माज्या म्हायेराला होडीतनंच यायचं, आईची खाट ठिवून उरंल तेवढ्या जागंत."