आईने पोटात घातलं नाही

क्षमा करणाऱ्याचं मन मोठं असतं, हे मला शाळेपासून सासरपर्यंत सगळ्यांनी ऐकवलं. ऐकवणारे बहुतेक तेच होते, ज्यांना माफी हवी होती. म्हणून या विषयात मी आता कुणाचं ऐकून घेत नाही. क्षमेबद्दल मला जे काही कळतं ते मी उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये, एका सिंधी आंटीच्या घरी, रंग उडालेली जपानी कार्टून बघून शिकले. हसायचं असेल त्याने खुशाल हसावं.

आम्ही अंबरनाथला राहायचो. वडील कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून होते. मूळ घर बदलापूरला, हेंद्रेपाड्यात. तिथे वडिलांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठे काका राहायचे आणि घरचा गणपती त्यांच्याकडेच बसायचा. आईला तिथे मान होता तो एकाच गोष्टीसाठी, उकडीच्या मोदकांसाठी. पारी इतकी पातळ काढायची की आतलं सारण दिसायचं. एरवी तोंडातून कौतुकाचा शब्द न काढणारे काकाही मोदक खाताना, "हां, धाकटीचे हायेत," एवढं म्हणायचे.

मी सातवीत होते त्या वर्षीची गोष्ट. गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मखरामागची दिव्यांची माळ एका बाजूने लोंबायला लागली होती. काका ती सरळ करत होते. वायर मूर्तीच्या आशीर्वादाच्या हातात अडकली होती, ते त्यांनी पाहिलं नाही. मी समोरच दूर्वा निवडत बसले होते, मला दिसत होतं. मी "काका" म्हणेपर्यंत त्यांनी हिसका दिला आणि हात मनगटापासून तुटून पाटावर पडला. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि काही न बोलता अंगणात निघून गेले.

थोड्या वेळाने काकूच्या ओरडण्याने सगळं घर गोळा झालं. काकाही आले, आत्ताच कळल्यासारखे. मूर्ती भंगली म्हणजे कुणाची तरी शिवाशिव झाली असणार, असं ते म्हणाले. मग आईकडे बघून, सगळ्या पुरुषमाणसांसमोर, "अडचणीत असताना घरात फिरलीस का?" असं विचारलं. आई उकड मळता मळता तशीच बाहेर आली होती, हाताला पीठ होतं. तिला काही अडचण नव्हती. पण ते चारचौघांत कसं सांगायचं, हेच तिला कळेना. मी म्हणाले, "माळ काकांनी ओढली." वडिलांनी माझ्या थोबाडीत दिली. मोठ्यांच्या मधे बोलायचं नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम होता.

त्या दिवसापासून आईला त्या घरात सणासुदीला आत घेणं बंद झालं. अधिकृतपणे कुणी काही म्हटलं नाही. फक्त ती आली की तिच्यासाठी पडवीत पाट मांडलेला असायचा आणि मोदक दुसऱ्या कुणीतरी करायचं. ते फुटायचे, आणि मला त्याचा मनापासून आनंद व्हायचा.

सगळ्यात वाईट होतं ते आरतीनंतरचं. धाकट्यांनी थोरल्यांच्या पाया पडायची आमच्याकडे रीत होती, आणि आईने उंबऱ्याबाहेरूनच पाया पडताना वर म्हणायचं, "चुकलंमाकलं पोटात घाला." काका हात वर करून म्हणायचे, "असू दे." जणू त्यांनीच काहीतरी सोडून दिलं. हेच काका पूजेच्या शेवटी हात जोडून, न चुकता, देवाची क्षमा मागायचे. मंत्र चुकला असेल, नैवेद्य कमी पडला असेल, सगळ्याची. देवाला सांगताना त्यांना काही जड जात नव्हतं.

आई घरी साड्यांना फॉल लावायची. साड्या कॅम्प दोनमधल्या एका दुकानातून यायच्या आणि शनिवारी त्या परत पोचवायचं काम माझ्याकडे असायचं. दुकान खाली, ते चालवणाऱ्या सिंधी आंटी वर राहायच्या. लग्नानंतर बरीच वर्षं त्या जपानमध्ये, कोबे नावाच्या बंदराच्या गावी होत्या. तिथे त्यांच्या सासरचा कापडाचा व्यापार होता. परत आल्यावर त्यांना तिथल्या दोनच गोष्टींची आठवण यायची, तिथल्या थंडीची आणि तिथल्या टीव्हीची. थंडी इथे आणता येत नाही म्हणून तिकडेच असलेला त्यांचा भाऊ येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर टीव्हीवरून उतरवलेल्या कॅसेटी पाठवायचा. व्हीसीआर तिकडचा, टीव्ही इकडचा. दोघांचं जुळायचं नाही, म्हणून चित्र काळंपांढरं दिसायचं आणि मधेच वर सरकायला लागायचं. मग आंटी टीव्हीच्या डोक्यावर एक चापट मारायच्या.

मला भाषा कळायची नाही. आंटी पापड खात खात हिंदीत सांगत जायच्या, कंटाळा आला की सिंधीत. आजची मुलं ज्याला ॲनिमे म्हणतात, त्याला आम्ही जपानी कार्टून म्हणायचो. त्यातली एक लांबलचक मालिका मी जीव मुठीत धरून बघितली. एका बंदरावरच्या मुलीची गोष्ट होती. तिच्या बापावर गोदाम जाळल्याचा आळ येतो. जळता कंदील तिथे विसरलेला असतो गावच्या म्हाताऱ्या मुखियाने, पण तो तोंड मिटून बसतो. बापाला गाव सोडावं लागतं. मुलगी मोठी होते, मासे सुकवते, कुणापुढे रडत नाही. आणि एका भागात तो म्हातारा तिच्या दारात येतो, गुडघे टेकतो आणि कपाळ जमिनीला लावतो.

"ये क्या कर रहा है?" मी विचारलं.

"माफी माँग रहा है. पूरा बोला उसने, कंदील मेरा था, तेरे बाप का कोई कसूर नहीं."

"लेकिन वो तो बुड्ढा है. ये तो छोटी है."

आंटींनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. "तो? गलती किसकी है, छोटी की?"

मला काय झालं ते सांगता येत नाही. पांढऱ्या केसांचा माणूस माझ्याएवढ्या मुलीसमोर वाकला होता आणि आकाश कोसळलं नव्हतं. आमच्या घरी जो धाकटा तो वाकायचा. चूक कुणाची, हा प्रश्नच कुणाला पडत नव्हता.

"लड़की ने माफ किया?"

"अडी छोकरी, देखने तो दे." आंटी पुढे सरकून बघत राहिल्या. "कुछ बोली नहीं. चाय रखी उसके सामने, बस."

तिथे भाग संपला. पुढची कॅसेट यायला कित्येक महिने लागले. तेवढे महिने तो म्हातारा माझ्या डोक्यात तसाच वाकलेला राहिला, आणि खरं सांगते, तो उठावा याची मला घाई नव्हती.

सगळीच कार्टून काही एवढी शहाणी नव्हती. एका मालिकेत अर्धा मुलूख जाळणारा सेनापती शेवटी नायकाशी मारामारी करून हरतो. मग त्याचं बालपण दाखवतात. बर्फात एकटं पोर, आई नाही, व्हायोलिन वाजतंय. लगेच सगळे त्याला माफ करतात आणि पुढच्या भागात तो त्यांच्याच होडीत बसून भात खातो. आंटी डोळे पुसत होत्या. मी भडकले. "ज्यांची घरं जळली त्यांना कुणी विचारलं का?" त्या म्हणाल्या, "तू बहुत खतरनाक है." मी म्हटलं, "हो." ज्याचं जळलं त्याला न विचारता दिलेली माफी मला तेव्हाही चोरीच वाटली, आजही वाटते.

पुढच्या गणपतीत मी काकांच्या पाया पडले नाही. आरती झाली, रांग पुढे सरकली, माझी पाळी आली आणि मी ताठ उभी राहिले. "माळ तुम्ही ओढली होती. मी बघितलं होतं." वडिलांनी दंड धरून मला बाहेर काढलं. आई पडवीत होती. ती पण माझ्यावरच चिडली, "कशाला उकरून काढतेस?" मी म्हटलं, तुझ्यासाठी. ती म्हणाली, "मी सांगितलं होतं तुला?" मला फार लागलं ते. पण त्या संध्याकाळी तीही पाया पडताना ते नेहमीचं वाक्य म्हणाली नाही. नुसतीच वाकली.

त्यानंतर दर वर्षी मी तेच वाक्य त्याच जागी म्हणायचे. नातेवाइकांना सवय झाली. कुणी मला उद्धट म्हटलं, कुणी म्हटलं हिचं लग्न कसं होणार. वडिलांनी मारणं सोडून दिलं, मी कॉलेजात जायला लागले होते. काका दर वेळी भिंतीकडे बघायचे. ते म्हातारे होत चालले होते, आणि मला दया यायची नाही, असं मी स्वतःला बजावायचे. यायची थोडी.

मग एका वर्षी, माझी पाळी यायच्या आतच, काका खुर्चीचा हात धरून उभे राहिले. "माळ माझ्या हातून वढली गेली व्हती," ते म्हणाले. "धाकटीचा काय दोष नव्हता. मला तवाच ठावं व्हतं." एवढंच. का बोलले, मला आजही माहीत नाही. त्यांचं बालपण काही बर्फात गेलं नव्हतं. त्यांनी कपाळ टेकलं नाही, पण या वेळी ते भिंतीकडे न बघता आईकडे बघत होते. पडवीतून आई दारापर्यंत आली होती.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. वडील हळूच म्हणाले, "म्हण आता, माफ केलं म्हणून. संपव विषय." मीसुद्धा वाट बघत होते. कार्टूनमध्ये अशा वेळी संगीत सुरू व्हायचं.

आई म्हणाली, "ऐकलं मी, दादा. सगळ्यांनी ऐकलं ना?" आणि उंबरा ओलांडून, कुणाला न विचारता, सरळ स्वयंपाकघरात गेली. हात धुतले आणि मोदकांची परात पुढ्यात ओढली.

माफ केलं असं ती म्हणाली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. काकांशी बोलायची, त्यांना वाढायची, आजारपणात त्यांचं सगळं तिनेच केलं. काका कधीतरी विचारायचे, "अजून राग हाय?" ती म्हणायची, "आहे, दादा." ते मान हलवायचे आणि पुढचा घास घ्यायचे. त्या घरात एकमेकांशी खरं बोलणारी ती दोघंच होती. मला वाटायचं, माफीपेक्षा हे बरं.

काका गेले तेव्हा सगळ्यात जास्त आई रडली. दहाव्याला आम्ही उल्हास नदीच्या काठावर उभे होतो आणि पिंडाला कावळा शिवत नव्हता. मुलांनी कबूल करायचं ते सगळं कबूल करून झालं. ऊन चढलं. झाडावर कावळे होते, खाली एकही येईना. मग कुजबूज सुरू झाली आणि कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "धाकटीला पुढे करा. तिने माफ केल्याशिवाय जीव सुटायचा नाही."

आई पुढे गेली. पदर खोचला आणि लोकांकडे वळून म्हणाली, "तेव्हा माझ्यामुळे देव भंगला. आता माझ्यामुळे कावळा अडलाय. एवढी ताकद आहे होय माझ्यात?" मग ती पिंडाकडे वळली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "दादा, तुम्ही मेलात म्हणून मी खोटं बोलणार नाही. जेवा."

कावळा आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि लोक आईला टाळून घराकडे निघाले. मी तिच्याबरोबर मागे राहिले. थोडं अंतर गेल्यावर काकू थांबली. पांढऱ्या कपाळाची, वाळून गेलेली काकू. आम्ही जवळ आल्यावर तिने आईचा हात धरला.

"माळ वढताना मी पण बघितलं व्हतं," ती म्हणाली. "दारातच उभी व्हते मी. घरधनी बाहेर गेले, मग मी वरडले."

मी आईच्या तोंडाकडे बघितलं.

"मला पण इतक्यात माफ करू नको," काकू म्हणाली.

"नाही करत," आई म्हणाली. पण हात तिने सोडवून घेतला नाही. दोघी तशाच हात धरून घरापर्यंत चालत गेल्या.