अध्यक्षांची पुस्तकं

मोहाडीच्या टेकचंदचा विश्वास दोनच गोष्टींवर, स्वतःच्या बोटांवर आणि स्वतःच्या डोळ्यांवर. कोसा रेशमाची लुगडी विकण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलेलं. लुगडं हातात आलं की आधी ते उलटं करून बघायचा, मग विणणाऱ्याच्या तोंडाकडे. कुणी "भाऊ, माल चांगला आहे" म्हटलं की याच्या कपाळावर आठी. चांगला आहे तर हा सांगून काहून राहिला?

असा माणूस शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष झाला आणि नेमकी तेव्हाच शाळेसाठी पुस्तकं निवडायची वेळ आली. त्याच्या पोटात काळजी एकच होती. त्याची खुशबू तिसरीत गेली होती आणि अजून एकेक अक्षर चाचपडत वाचायची. पोरगी कायमची मागं पडेल, या धास्तीनं त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

शाळेतल्या मंजुषा मॅडमनी पातळ, रंगीत पुस्तकं पुढं केली. एकात शेळी मालकिणीला उलट उत्तरं देत होती. टेकचंदनं पान चिमटीत धरून चोळून पाहिलं.

"मॅडम, चित्र एवढं मोठं आणि अक्षरं चार. यात वाचाले काय आहे जी?"

"मुलांना आवडतात, साहेब."

आवडतात म्हणजे नक्कीच काहीतरी गडबड. विक्रेत्याचं आणि मॅडमचं काही साटंलोटं तर नाही, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. मग त्यानं स्वतःच निवड केली. जाड पुठ्ठा, बारीक अक्षर, थोरांची चरित्रं, सामान्य ज्ञान. मॅडम हटून बसल्या म्हणून ती शेळी आणि तसली थोडी पातळ पुस्तकं नाइलाजानं येऊ दिली.

वर्ष सरत आलं तेव्हा तो न कळवता शाळेत जाऊन थडकला. पातळ पुस्तकांची दशा पाहून त्याला हवं ते सापडलं. कोपरे दुमडलेले, जागोजागी चिकटपट्ट्या, पानांवर खिचडीच्या पिवळ्या बोटांचे डाग. त्याची पुस्तकं मात्र कोरी करकरीत. गडी खूश झाला. त्यानं त्यातलं एक उघडलं, तर आतली दोन पानं कडेला अजून जोडलेलीच होती.

टेकचंदचा हात तिथंच थांबला. दुकानात कोणत्या लुगड्याची घडी वर्षभर कडक राहते, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. ज्याला गिऱ्हाईक हात लावत नाही, त्याची. खपणारं लुगडं उलगडून दाखवता दाखवता मऊ पडतं.

तरी शंका काही सुटेना. मॅडमनी मुद्दाम कुलुपात ठेवली असतील! त्यानं वर्गातून खुशबूला बोलावलं, तिच्यामागून मॅडमही आल्या.

"कपाट बंद राहते का वं?"

"नाही बाबा, उघडंच राहते. पन तुमचे पुस्तकं कोणीच नाही घेत."

"मग तू काय वाचते?"

तिनं शेळीचं पुस्तक काढलं आणि धडाधड वाचायला लागली. पाठ केलं असेल, त्याला वाटलं. नाहीतर चित्रं पाहून ठोकून देत असेल. त्यानं हाताला येईल ते दुसरं पातळ पुस्तक उचललं, मधलंच पान उघडलं आणि चित्रावर आपला पंजा ठेवला.

"आता वाच."

ती वाचत गेली. दोनदा अडली, पण ओळ सोडली नाही. वर मधेच स्वतःशी हसलीसुद्धा. टेकचंदचे डोळे भरून आले, आणि मॅडम समोर उभ्या असल्यामुळे त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, हात काढा ना. चित्र दिसून नाही राहिलं."

त्यानं हात काढला. बापाचा उतरलेला चेहरा पाहून खुशबूनं कपाटातून एक जाड पुस्तक ओढलं.

"आता तुमचं वाचू?"

काही घ्यायचं नसलेलं भलं गिऱ्हाईक निघता निघता असंच एखादं लुगडं उघडायला लावतं, दुकानदाराचं मन राखायला. तो सूर टेकचंदनं बरोबर ओळखला.

"राहू दे," तो म्हणाला, आणि मॅडमची नजर चुकवत पोरीशेजारी सतरंजीवर बसला. "त्या शेळीले मालकीन पुढं काय म्हनते, ते वाच."