टॉवरची जागा

गोंदियात रेल्वे फाटकापलीकडच्या रस्त्यावर मोटार वाइंडिंगची दोन-चार दुकानं आहेत. त्यांतलं सगळ्यात अरुंद दुकान उदेभान मडावीचं. शेतातल्या पाण्याच्या मोटारी जळाल्या की लोक त्याच्याकडे घेऊन येतात. जळकी तार उपसायची, नवी गुंडाळायची, वार्निश पाजायचं आणि मोटार फिरू लागली की गिऱ्हाइकाच्या आधी आपणच खूश व्हायचं, असा हा माणूस. बोलणं कमी, उधारी जास्त. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पण अशा माणसालाही एखादी हौस सुचते आणि ती त्याला पुरून उरते.

उदेभानची हौस नंबराची होती. एका मोबाईल कंपनीचा माणूस दुकानावर आला आणि म्हणाला, "भाईसाब, ऐसा नंबर देता हूँ कि गाँव का बूढ़ा भी एक बार में याद रख ले." नंबर खरोखरच देखणा होता, शेवटी चारही आकडे सारखे. अट एवढीच, की महिन्याच्या महिन्याला बिल भरायचं आणि दोन वर्षं कंपनी सोडायची नाही. सोडली तर दंड. उदेभाननं सही ठोकली आणि दुकानाच्या पाटीवर तो नंबर पिवळ्या रंगात, आपल्या नावापेक्षा मोठा काढून घेतला.

पुढं काय झालं? काही नाही. गिऱ्हाइकं जुन्याच नंबरवर फोन करत राहिली, कारण त्यांच्या फोनमध्ये तोच होता. देखण्या नंबरवर येत ते कर्ज देणारे, नाहीतर तुमसरचा एक गृहस्थ, जो उदेभानला ट्रान्सपोर्टवाला समजून ट्रक कुठवर आला ते विचारी. दोन खिशांत दोन फोन घेऊन उदेभान फिरत होता आणि बिल भरत होता. सोडायचं म्हटलं तर दंडाचा आकडा ऐकून त्यानं पुढचं बिल मुकाट्यानं भरून टाकलं.

मग भैय्यालाल भेटला. भैय्यालाल राईस मिलमधला फिटर. जगातल्या प्रत्येक नियमाला कुठं भोक आहे ते त्याला ठाऊक. चहा फुंकत तो म्हणाला, "अरे, सीधा बोल दे कि गाँव में रहने गया हूँ और वहाँ नेटवर्क नहीं है. पेनल्टी माफ."

उदेभान कंपनीच्या दुकानात गेला. काउंटरवरच्या मुलीनंही तेच सांगितलं. गिऱ्हाईक राहतं तिथं कंपनीचं नेटवर्कच नसेल, तर दंड लागत नाही. "लेकिन हमारा आदमी आके चेक करेगा," ती म्हणाली. उदेभाननं आधार कार्ड पुढं केलं. त्यावर अजून गावचाच पत्ता होता, बदलू बदलू म्हणत राहून गेलेला. गाव कोहकाटोला, तालुका सालेकसा. मुलीनं पत्ता पाहिला आणि तिला काही शंका आली नाही.

कोहकाटोल्यात नेटवर्क नव्हतं हे मात्र शंभर टक्के खरं. जंगलातली गोंडांची वस्ती, चहूबाजूंनी साग आणि मोह. फोन लावायचा तर गावामागच्या टेकडीवर चढायचं. त्यात रेशन दुकानाच्या मशीनला अंगठा लावायचा नियम आला. मशीनला रेंज लागते, म्हणून दुकानदार मशीन घेऊन टेकडीवर बसे आणि अख्खं गाव तांदळासाठी टेकडी चढे. उदेभानच्या थोरल्या काकूला, दुर्पताबाईला, गुडघे सुजले होते तेव्हा खाटेवर घालून वर नेलं होतं. अंगठा लावला, खाली आणलं.

ह्या दुर्पताबाईनंच उदेभानला वाढवलेलं. आई गेली तेव्हा तो रांगत होता. तो तिला मोठी माय म्हणायचा. आश्रमशाळेत जाईपर्यंत तिच्याच ताटात जेवला. पुढं गोंदियाला गेला, काम शिकला, संसार झाला, आणि गावाकडं येणं पोळ्यापुरतं उरलं. दोन वर्षं तर पोळ्यालाही जमलं नव्हतं. ती त्याची वाट पाहते हे त्याला ठाऊक होतं आणि ठाऊक असूनही तो गेला नव्हता. आता दंड वाचवायचा म्हणून निघाला.

माघाचे दिवस होते. तपासणीच्या आदल्या सकाळी तो पिशवी घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा म्हातारी अंगण सारवत होती. हात तसाच शेणात.

"उदेभान? काऊन गा, काही झालं का?"

"काही नाई. आलो असाच."

"असाच आला?" तिनं शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ते पुन्हा म्हटलं. "असाच आला माझा पोरगा!"

रात्री जेवताना त्यानं ताटातच पाहत सांगितलं, "उद्या कंपनीचा माणूस येते. त्यानं इचारलं तं मी इथंच राहतो म्हणून सांगजो."

"येवढंच?" म्हातारी म्हणाली. कशासाठी, हे तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं उदेभानला पुढं कितीदा वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुर्गाप्रसाद नावाचा इंजिनीअर मोटारसायकलवर आला. छत्तीसगडकडचा, सभ्य, जरा दमलेला. डोक्यावर कंपनीची टोपी आणि हातात मोजायचं यंत्र. ते यंत्र वर धरून तो घरासमोर फिरला, विहिरीपाशी फिरला, आणि मग गावाबाहेरच्या उंचवट्यावर जाऊन उभा राहिला. तो उंचवटा दुर्पताबाईच्या शेताचा तुकडा होता. तिथं तिचा मोह होता, नवऱ्याच्या आजोबापासूनचा. चैत्रात त्याखाली फुलांचा सडा पडे आणि म्हातारीचं वर्षाचं तेलमीठ त्यावर निघे.

"पेड़ बहुत हैं इधर," दुर्गाप्रसाद यंत्राकडं पाहत म्हणाला. सहज म्हणाला. त्याला काही सुचवायचं नव्हतं.

पण तोवर गाव जमलं होतं. कंपनीची टोपी, हातात यंत्र, उंच जागेची पाहणी. ह्याचा अर्थ कोहकाटोल्यात एकच होऊ शकत होता. टॉवरसाठी अर्ज करून करून गाव थकलं होतं. पोलीस पाटील टिकारामनं पुढं होऊन विचारलं, "साहेब टॉवरसाठी आले का?"

उदेभानच्या आधी मोठी मायच बोलली. "माझ्या पोरानं आनलं त्याहिले. हा इथंच राहते. यानंच अर्ज केला."

झालं. मग कुणाला थांबवायचं? कुणी दुर्गाप्रसादच्या पायांवर लोटाभर पाणी घातलं. कुणी त्याला पिवळा टिळा लावला. "जय सेवा, साहेब, जय सेवा" असा गोंडी नमस्कार करत पोरं-बाळं त्याच्या मागं. कोंबडं कापलं गेलं. मोहाची पहिल्या धारेची त्याच्यापुढं आली, ती त्यानं हात जोडून परतवली. आणि टिकारामनं एक नवा पिवळा गमछा आणून उदेभानच्या गळ्यात घातला. म्हणाला, "शहरात जाऊन मानसं गाव इसरतात. आमचा उदेभान नाई इसरला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हीच वेळ होती सांगायची. हात जोडून म्हणायचं, की बाबांनो, मी माझा दंड चुकवायला आलो, तुमच्या गावात रेंज नाही ह्याचा मला फायदा होतो म्हणून आलो. पण समोर मोठी माय बसली होती आणि तिचा चेहरा त्यानं असा कधी पाहिला नव्हता. तिच्या त्या सुखावर पाणी ओतायची त्याची छाती झाली नाही. असं तो स्वतःला सांगतो. खरं म्हणजे तो भ्याला.

"कवा लागते टॉवर?" टिकारामनं साहेबाला विचारलं.

दुर्गाप्रसादला अर्धंमुर्धं कळलं. त्यानं घास हातात धरून उदेभानकडं पाहिलं. उदेभान म्हणाला, "वरून मंजुरी लागते. पुढच्या साली."

तोवर त्याला निदान इतकं म्हणता येत होतं, की मी काही बोललो नाही. आता तेही गेलं.

परतीला तो दुर्गाप्रसादच्याच गाडीवर मागं बसला, गळ्यात गमछा तसाच. सालेकसा जवळ आल्यावर त्यानं धीर करून विचारलं, "साहब, सच में टॉवर लग सकता है क्या यहाँ?"

"वो दूसरा विभाग है," दुर्गाप्रसाद म्हणाला. "मैं तो शिकायत देखता हूँ. आपका काम हो जाएगा." आणि थोड्या वेळानं, मागं न पाहता, "गाँव वाले बहुत अच्छे हैं आपके."

गमछा उदेभाननं काढून पिशवीत कोंबला.

काम झालं. आठवड्याभरात निरोप आला, प्लॅन बंद, दंड माफ. भैय्यालालनं आपल्याच अकलेवर खूश होऊन स्वतःच्या पैशानं समोसे मागवले. पेंटर येऊन पाटीवरचा नंबर पुसून गेला. उदेभाननं समोसा हातात घेतला आणि तसाच कागदात गुंडाळून बाजूला ठेवला.

त्यानंतर टिकारामच्या नंबरवरून फोन यायला लागले. फोन वाजला, की तो टेकडीवरून आलाय हे उदेभानला न सांगता कळे. कुणीतरी धापा टाकत वर चढलंय आणि रेंज मिळते त्या दगडावर उभं राहून आपण उचलायची वाट पाहतंय. तो हातातली तार गुंडाळत राही. रिंग थांबे. बायको एकदा म्हणाली, "उचला ना, मोठ्या मायचं काही असंन." तो तिच्यावरच खेकसला. चांगल्या बाईवर खेकसून माणसाची लाज कमी होत नाही, पण माणसं ते करून पाहतात.

चैत्र लागला तशी त्याची झोप गेली. एका पहाटे तो उठला आणि पहिल्या गाडीनं सालेकशाला उतरला. तिथून सायकल मागून गावाकडं निघाला. ह्या वेळी सांगायचंच, सगळ्यांसमोर, मग काय व्हायचं ते होवो, असं तो वाटभर घोकत होता.

गाव यायच्या आधी तो उंचवटा लागतो. उदेभान सायकलवरून उतरला. उंचवटा मोकळा होता. मोह नव्हता. एका माणसाच्या कवेत न मावणारं खोड जमिनीलगत कापलेलं, बाजूला फांद्यांचा ढीग रचलेला. जमीन सपाट केली होती आणि चारी कोपऱ्यांना चुन्यानं रंगवलेले दगड पुरले होते. कुणी न सांगता गावानं टॉवरला जागा करून ठेवली होती.

मग त्याला मोठी माय दिसली. पलीकडं, टिकारामच्या मोहाखाली, टोपली घेऊन फुलं वेचत होती. जिच्या घरची फुलं आयाबाया विचारून नेत, ती आता दुसऱ्याच्या झाडाखाली, एका कडेनं, विचारून वेचत होती.

"आला का?" ती म्हणाली. "साहेब म्हनला होता ना, झाडं लई हायेत म्हणून. मंग मीनंच म्हटलं, माझं कापा. तांदूळ वाहून, इचारून कापलं मोहाले. आता तं अडचन नाई ना?"

उदेभान खाली बसला. "मोठी माय, टॉवर नाई येत," तो म्हणाला, आणि मग सगळं सांगितलं. नंबर, दंड, भैय्यालाल, खोटा पत्ता, सगळं. तिला त्यातलं किती कळलं ते त्याला समजलं नाही, पण मुद्द्याचं तिला कळलं. तिचा हात थांबला. ती त्या चुन्याच्या दगडांकडं बघत राहिली. मारलं असतं तर त्यानं मार खाल्ला असता.

मग तिनं विचारलं, "तुझं काम झालं का पन?"

"झालं."

"मंग झालं." तिनं पुन्हा फुलं वेचायला घेतली. "गावाले नोको सांगू."

"सांगतो मोठी माय. सांगाचंच म्हणून आलो."

"नोको म्हटलं ना. सांगशीन तं पुन्हा येशीन कोन्या तोंडानं?"

तेवढ्यात आपल्या झाडाची फुलं न्यायला टिकाराम आला. उदेभानला पाहून त्याचा चेहरा उजळला. "अरे! फोन काऊन नाई उचलत गा? आमी सारे वाट पाहून राह्यलो. टॉवरचं का झालं?"

उदेभान उठला. त्याच्या ओठांवर शब्द आले होते. पण म्हातारी त्याच्या आधी बोलली. टोपलीतून नजर न काढता, कुणाला संशय येऊ नये अशा आवाजात. जन्मात तिनं गावातल्या कुणाला मापात फसवलं नव्हतं की शब्दात.

"येऊन राह्यला," ती म्हणाली. "वरून मंजुरी लागते म्हनते. पुढच्या साली."

टिकारामनं खात्री करायला उदेभानकडं पाहिलं. म्हातारीनंही पाहिलं.

उदेभाननं मान डोलावली.