पार्किंगमधला पांढरा पापुद्रा

कमलाकर सोवनी कुणाकडे गेले, की आधी सोफा बघतात आणि मग यजमान. सोफ्यावर काय सांडून पुसलंय, केस कुणाचे आहेत, घरात मांजर आहे का आणि असून नाही म्हणतायत का, एवढं मनाशी पक्कं झालं, की मगच "काय म्हणता, बरं आहे ना?" असं विचारतात. यजमान "बरं आहे" म्हणाले, तरी त्यावर त्यांचा फारसा विश्वास नसतो.

यात त्यांचा दोष नाही. सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत उभी हयात केस, धागे, काचेचे कण आणि रंगाचे पापुद्रे बघण्यात गेली. याला सूक्ष्म पुरावा म्हणतात. म्हणजे गुन्हेगाराच्या नकळत त्याच्याकडून सांडलेलं, नाहीतर त्याला चिकटलेलं काहीतरी. सोवनींच्या मते जगात प्रत्येक माणसाकडून सतत काहीतरी सांडत असतं आणि तो ते लपवत असतो. दूधवाल्याच्या बाहीवरचा पांढरा डाग दुधाचा की पिठाचा, याचा विचार ते सकाळी दारातच करतात. त्यांची बायको कुमुद सगळ्यांना सांगते, "बघायला आले, तेव्हा यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. शालीकडे बघत होते."

"शाल मागून आणलेली होती," सोवनी अजूनही म्हणतात. "साडीवर तिची लवसुद्धा नव्हती. म्हणजे त्याच दिवशी पहिल्यांदा अंगावर घेतली."

"वहिनीची होती हो. आता पुरे करा."

अशा माणसाला गेल्या वर्षी मनासारखं काम मिळालं. देशातल्या सगळ्या प्रयोगशाळांनी सूक्ष्म पुरावा एकाच शिस्तीनं तपासावा म्हणून नियमावली करायची ठरली, समिती नेमली गेली आणि सोवनींच्या वाट्याला प्रकरण आलं ते अहवालाच्या भाषेचं. तज्ज्ञानं काय लिहावं, काय लिहू नये. माणसांवर संशय घेऊन घेऊन दमलेल्या सोवनींना आता शब्दांवर संशय घ्यायला मिळाला. त्यांनी सर्वात आधी ‘जुळतो’ या शब्दाला हाकललं. "नमुना जुळतो असं लिहिलं, की कोर्टाला ‘याचाच आहे’ असं ऐकू येतं," त्यांनी समितीला बजावलं. "माझा पांढरा शर्ट शेजाऱ्याच्या पांढऱ्या शर्टाशी जुळतो. म्हणून आमची बायको एक होत नाही." समिती हसली आणि शब्द गेला. त्याच्या जागी आलं ‘वगळता येत नाही’. ऐकायला अळणी, पण खरं.

आणि हाच गृहस्थ एका रविवारी, हातात कचऱ्याची पिशवी धरून, नवीन पनवेलच्या आपल्या मधुमालती सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोठ्यानं म्हणाला, "जुळतंय की!"

झालं होतं असं. सोसायटीचे चेअरमन इंद्रजीत मोहिते यांची मरून रंगाची गाडी कुणीतरी दारापासून मागच्या चाकापर्यंत खरवडली होती आणि पत्र्यावर पांढरा फराटा होता. शेजारच्याच जागेत मुश्ताक तुंगेकरांची पांढरी व्हॅन उभी असते. मुश्ताकभाई बरीच वर्षं मस्कतला काढून आले आणि जुन्या पनवेलात त्यांनी काचेच्या भांड्यांचं दुकान टाकलं. व्हॅनमधून रोज कपबशांची खोकी जातात. त्यांची बायको ताहिरा आंब्याच्या दिवसांत सोवनींकडे सांदणाचा डबा पाठवते, आणि या डब्यावर सोवनींनी आजवर एकदाही संशय घेतलेला नाही. त्यांच्या बाबतीत याहून मोठी मैत्री संभवत नाही.

"सोवनीसाहेब, बरे भेटलात," मोहित्यांनी त्यांना जिन्याच्या तोंडाशीच धरलं. "तुम्ही एक्सपर्ट. जरा नजर टाका." बोट व्हॅनकडे होतं.

नजर टाका म्हटल्यावर सोवनी थांबतात थोडेच! इतरांच्या खिशात सुपारी असते तसं त्यांच्या खिशात भिंग असतं. दाराच्या फटीत रंगाचा एक पापुद्रा अडकला होता. वर पांढरा थर, खाली करडा, त्याखाली पिवळट लांबी, म्हणजे पत्र्याचे पोचे बुजवायचा लेप. ते तसेच वाकत वाकत व्हॅनपाशी गेले. बंपरच्या वर पत्र्याचा टवका उडाला होता, तिथे बघितलं. पांढरा, करडा, पिवळट. आणि तोंडातून तो शब्द गेला.

ते तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर मजकूर पडला होता: ‘सरकारी फॉरेन्सिक तज्ज्ञ श्री. सोवनी यांनी मुश्ताक यांच्या गाडीचा रंग जुळत असल्याचे सिद्ध केले आहे. पुढच्या रविवारी सभा. विषय: त्यांची पार्किंगची जागा काढून घेणे.’ खाली हात जोडलेली चित्रं आणि मध्येच कुणाला तरी वाढदिवसाचा केक.

"सिद्ध? मी कुठे सिद्ध केलं?" सोवनी म्हणाले.

"मग काय केलंत?"

"जुळतंय म्हटलं."

कुमुदनं पुढचा हिशेब मांडला. जागा गेली तर व्हॅन रस्त्यावर जाणार, रस्त्यावरून टोइंगवाले ती उचलणार, आणि काचेची खोकी काय डोक्यावरून न्यायची? दुकानच बसणार. शिवाय तोडफोड करून गप्प बसला हा शिक्का आयुष्यभर. तिनं हे सगळं सुनावलं, तेव्हा सोवनींना वाईट वाटलं. पण स्वभाव कुठे जातो! "असेलही त्याचंच," ते पुटपुटले. "गेल्या महिन्यात व्हॅनचा मागचा दिवा फुटला होता. बोलला नाही कुणाला."

"तुम्हाला अर्ज करायला हवा होता का?"

"आणि मोहित्याच्या पोराची नवी गाडी येतेय. त्याला जागा हवीच आहे. तोही काही साधा नाही."

"मीसुद्धा त्या दिवशी खाली गेले होते हं. लिहून ठेवा."

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये मुश्ताकभाई भेटले. एरवी तळमजल्यापर्यंत मस्कतच्या चार गोष्टी व्हायच्या. आज दोघं आकडे उतरताना बघत राहिले. दार उघडताना मुश्ताकभाई म्हणाले, "सोवनीसाहेब, एक विचारू? तुम्ही कोर्टात पण असंच सांगता? उभ्या उभ्या, कचऱ्याची पिशवी धरून?"

लिफ्टचं दार बंद झालं आणि सोवनी आतच राहून परत वर गेले.

संध्याकाळी त्यांनी आपल्याच नियमावलीचा मसुदा काढला आणि आरोपीचा वकील वाचतो तसा वाचला. पहिला नियम: कुठला नमुना संशयिताचा, हे तपासणाऱ्याला कळता कामा नये. त्यांना कळलं होतं, मोहित्यांनी बोट दाखवूनच सांगितलं होतं. दुसरा: घाईनं मत देऊ नये. त्यावर न बोललेलं बरं. मात्र एक गोष्ट त्यांना मसुद्यात सापडेचना. संशय ज्याच्यावर, त्याचाच नमुना घेतला तर तो मिळताजुळता निघाल्याचं कौतुक किती करायचं? ज्यांच्यावर संशय नाही त्यांचे नमुने घ्यायला नकोत? समितीतल्या इतक्या संशयी माणसांपैकी कुणाच्याच हे डोक्यात आलं नव्हतं.

"कुमुद, बिल्डिंगमधल्या सगळ्या गाड्यांचे नमुने गोळा करायचेत. तू कर. मला नावं सांगायची नाहीत."

कुमुदनं होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्या धुऊन वाळवल्या आणि मोहिमेवर निघाली. पार्किंगमध्ये उत्साह बेताचाच होता.

"मुश्ताकचा घ्या की! माझा कशाला?" पहिल्या मजल्यावरच्या आभाताई पदर खोचून गाडीपुढे उभ्या राहिल्या.

"नका देऊ," कुमुद गोड आवाजात म्हणाली. "फक्त का दिला नाही असं लोक विचारतील हो, म्हणून म्हटलं."

आभाताईंनी स्वतः नखानं टवका काढून दिला. बाकीच्यांनीही दिले. मोहिते तेवढे अडले. "अहो, मी तर फिर्यादी! आणि माझं सगळं काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात होतं."

"फिर्यादीचाही लागतो. नियम आहे," कुमुद म्हणाली आणि तिनं त्यांच्या गाडीच्या मागच्या कोपऱ्यावरचा सुटलेला पापुद्रा चिमटीत उचललासुद्धा.

बाटल्यांना तिनं भाज्यांची नावं दिली. जेवणाच्या टेबलावर सोवनींनी आपला जुना सूक्ष्मदर्शक मांडला आणि डोळा लावला. सुरुवातीला त्यांच्या चेहऱ्यावर शिकाऱ्याची खुशी होती. ती हळूहळू उतरली.

"कारलं जुळ..." त्यांनी जीभ चावली. "कारलं वगळता येत नाही."

"बरं."

"भेंडी वगळता येत नाही. पडवळ पण नाही. कुमुद, तू एकच टवका सगळ्या बाटल्यांत तर नाही ना भरलास?"

"हो ना, मला तेवढाच उद्योग."

दोडका आणि वांगं सुटली. त्यांचे रंग कारखान्यातले होते. बाकी सगळ्या पांढऱ्या भाजीत तोच थर: पांढरा, करडा, पिवळट. भोपळा तर नवलाचा निघाला. वर मरून, आणि खाली तोच करडा, तीच पिवळट लांबी.

"घोसाळं कोण?" सोवनींनी शेवटी विचारलं. "घोसाळं अगदी तंतोतंत आहे. हाच तो माणूस असणार."

कुमुदनं बाटली उचलून नाव पुन्हा बघितलं. मग म्हणाली, "घोसाळं म्हणजे आपली स्कूटर."

स्कूटर दसऱ्याआधी नेरे गावाच्या रस्त्यावर काळूरामच्या शेडमध्ये रंगवली होती. स्वस्तात. कुणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सोवनी तिथे गेले, तेव्हा काळूराम एका मडगार्डाला लांबी फासत होता.

"काळूराम, पांढरा रंग कुठला वापरता?"

"पांढरा म्हंजे पांढरा सायेब. त्याच्यात काय पोरगी बघायची हाय?" काळूरामनं एक मोठा डबा पायानं पुढे सरकवला. "कुनाचा उरला का आमी ह्या डब्यान ओततो. वाया कशाला घालवाचा? पत्र्याला काय कलतंय?"

"आमच्या सोसायटीतलं कोण कोण आलं होतं?"

"मधुमालती ना? सगलीच येतान. येकमेकांना सांगू नको बोलतान. म्हून मी नाय सांगत."

सोवनी त्या डब्याकडे बघत राहिले. एवढ्या वर्षांत त्यांनी कितीतरी अहवालांत रंगाच्या थरांबद्दल लिहिलं होतं. पण अशा एका डब्यातून अर्धं गाव रंगतं, हे त्यांना कुठल्या पुस्तकात भेटलं नव्हतं. परतताना त्यांची नजर रस्त्यावरच्या प्रत्येक पांढऱ्या गाडीवर जात होती आणि प्रत्येक गाडी त्यांना काळूरामची वाटत होती.

रविवारी पार्किंगमध्येच खुर्च्या मांडून सभा बसली. मुश्ताकभाई मागे, व्हॅनला टेकून उभे. मोहित्यांनी प्रास्ताविक केलं आणि निकाल ऐकायला हात बांधून बसले.

सोवनी उठले. "मी ‘जुळतंय’ म्हणालो होतो. तो शब्द मी मागे घेतो. तो म्हणायला नको होता."

"म्हणजे मुश्ताकची गाडी नव्हती?"

"असं मी म्हणत नाही."

"म्हणजे होती?"

"असंही म्हणत नाही."

"अहो, मग तुम्ही म्हणता तरी काय?" मोहिते खुर्चीवरून अर्धे उठले.

"त्यांना वगळता येत नाही. तसंच आभाताईंना येत नाही. पलीकडच्या विंगमधल्या चौघांना येत नाही. मला येत नाही. सगळ्यांचा रंग एकाच डब्यातला आहे, नेऱ्याच्या रस्त्यावरचा."

खुर्च्या करकरल्या. मग एकदम गलका झाला.

"आम्ही कंपनीत केलंय!"

"मी तर त्या माणसाला ओळखतही नाही!"

"काळूराम तुम्हाला ओळखतो आभाताई," कुमुद म्हणाली.

"आणि चेअरमनसाहेबांच्या गाडीचं..." सोवनी सुरू झाले. मोहित्यांनी मागच्या बंपरकडे एक चोरटी नजर टाकली आणि घाईघाईनं म्हणाले, "ते विषयाला धरून नाही."

प्रत्येक जण शेजाऱ्याचा बंपर बघू लागला. ज्याचा रंग वगळता येत नाही त्याची जागा काढायची, असा ठराव कुणीतरी मांडायला गेलं आणि निम्म्या सभेनं त्याला हात धरून खाली बसवलं. मग मुश्ताकभाईंच्या जागेचा मूळ ठरावही मागे घेतला गेला. न्यायाच्या कळकळीनं नव्हे. प्रत्येकाला आपली जागा दिसायला लागली म्हणून. मुश्ताकभाईंची जागा राहिली. फराटा कुणी मारला ते आजतागायत कळलेलं नाही. सोवनींच्या मनात चार नावं आहेत. ती ते कुणाला सांगत नाहीत. समितीला मात्र त्यांनी नवा नियम पाठवला, आणि खुलाशात स्वतःच्या नावानिशी आधीच्या रविवारची चूक लिहिली.

सभा पांगल्यावर मुश्ताकभाई त्यांच्याजवळ आले. "साहेब, त्या दिवशीचं ग्रुपवर लेखी होतं. आजचं पण लेखी द्या."

सोवनींनी खुर्चीच्या हातावर कागद टेकवून नीट अक्षरात लिहून दिलं. मुश्ताकभाईंनी ते वाचलं, पुन्हा वाचलं. "वगळता येत नाही. म्हणजे मी सुटलो नाही?"

"नाही. कुणालाच सोडता येत नाही, एवढंच खरं आहे."

"तुम्ही?"

"मीही नाही."

"त्या दिवशी तुमची स्कूटर कुठे होती?"

सोवनींनी आठवून बघितलं. कुमुदकडे बघितलं, तिनं खुर्च्या गोळा करायला घेतल्या. "मोहित्यांच्या गाडीच्या पलीकडे," ते सावकाश म्हणाले. "खांबाला लागून."

"मग ते पण लिहा," मुश्ताकभाईंनी पेन पुढे केलं.

सोवनींनी लिहिलं, खाली सही केली. मुश्ताकभाईंनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि मोहित्यांच्या गाडीच्या पलीकडे जाऊन, गुडघ्यावर बसून, स्कूटरचं मडगार्ड बघायला लागले.