न वाजवलेली घंटी

आमच्या वणीकडे थंडी कानातून शिरते, असं सगळेच मानतात. दिवाळी सरली की माणसं आधी कान बांधतात, मग उरलेल्या अंगाचं बघतात. पायात साधी चप्पल चालेल, पण मफलर कानांवरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारलेली हवीच. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, या बाबतीत सगळ्यांच्या वरचढ. त्यांचा मरून मफलर दोन वेढ्यांचा, आणि तो इतका आवळलेला की गाल वर येऊन डोळे बारीक व्हायचे. कचेरीतून साहेब म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी सकाळी सायकल चालवणाऱ्यांचा एक गट जमवला आणि कोणी न विचारताच त्याचे पुढारी झाले. खाली मफलर, वर हेल्मेट, डोळ्यांवर पिवळा चष्मा. त्या अवतारावर मी डूख धरून होते.

एका आवारात आमची दोन घरं. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, पण भासरे माझ्याशी कधी थेट बोलले नव्हते. भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायचं नाही आणि तिनं त्यांना हाक मारायची नाही, ही आमच्या घरातली जुनी रीत. डोक्यावरचा पदर गेला, मी पंजाबी ड्रेस घालून शाळेत शिकवायला लागले, पण ही रीत तेवढी राहिली. मी समोर उभी असले तरी ते माझ्या नवऱ्याला म्हणणार, "तिले सांग, फाटक लावून घेत जाय." नवरा माझ्याकडे वळून सांगणार, "दादा म्हणते, फाटक लावत जाय." जसं काही मी बहिरी आहे. त्यांना काय म्हणून हाक मारायची हे मला कोणी सांगितलं नाही, आणि कधी लागलंही नाही.

माझी शाळा राजूरच्या पलीकडे एका खेड्यात. इतर दिवशी ऊन वर आल्यावर निघायचं, पण शनिवारी शाळा सकाळची, आणि त्या वेळेला धड बस नाही. म्हणून मी सायकल घेतली. सोय म्हणून घेतली आणि जीव जडला. कुणी सोडून देईल म्हणून वाट बघायची नाही, कुणाच्या मागे अंग चोरून बसायचं नाही. दोन्हीकडे फुटलेला कापूस, तुरीचे पिवळे पट्टे, आणि मधून मी एकटी. हँडलला पितळी घंटी होती, पूर्वी पोस्टमनच्या सायकलला असायची तशी, ठणठणीत आवाजाची.

चार हिवाळ्यांपूर्वी एका शनिवारी मी राजूरच्या अलीकडे पडले. तिथं खाणीतून कोळसा वाहणारे टिप्पर वळतात. दिवसभर काळी भुकटी सांडत राहते, पहाटे तिच्यावर दव पडतं, आणि डांबरावर वंगण ओतल्यासारखं होतं. बघणाऱ्याला रस्ता नुसता ओला वाटतो. मला उशीर झाला होता, बोटं गारठून बधिर झाली होती. धुक्यातून एकाएकी कापसाचा ट्रॅक्टर पुढ्यात आला आणि मी घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला. चाक सरकलं, मी आपटले, डावं मनगट मोडलं.

प्लास्टर घालून घरी पडले होते तेव्हा अंगणातून आवाज आला, "तिले सांग, हे बायकांचं काम नाही. आमी चालवतो, आमी पडलो का कधी?" दुसऱ्या दिवशी सायकल जागेवर नव्हती. भासऱ्यांनी ती दूधवाल्याला देऊन टाकली होती. मला विचारणं नाही, सांगणं नाही. नवऱ्याला म्हटलं, "काहून देऊ देली?" तो म्हणाला, "दादानं देली. आता कोन्या तोंडानं मांगू वापस?" माझा नवरा तसा चांगला माणूस आहे, पण भावासमोर त्याची वाचा बसते.

तो दूधवाला आमच्याच दारी दूध घालायचा. रोज सकाळी माझ्याच सायकलला दोन्हीकडे कॅन लटकवून, माझीच घंटी वाजवत. मी एका हातानं पातेलं घेऊन बाहेर यायची, आणि पलीकडे भासरे आपल्या गिअरच्या सायकलची चेन पुसत असायचे. कधी नजर वर केली नाही. त्या घंटीनं माझ्या डोक्यात तिडीक जायची. मी तिथंच, दूध घेता घेता ठरवलं की या माणसाला एक दिवस तोंडघशी पाडायचं. नुसतं चारचौघांत नाही, रस्त्यावर पाडायचं.

प्लास्टर निघालं तशी मी दुसरी सायकल घेतली. तशीच पितळी घंटी हट्टानं शोधून बसवली. आणि थंडीचा अभ्यास केला, कारण पुन्हा पडले तर भासऱ्यांच्या घरी दिवाळी साजरी झाली असती. सकाळी गच्चीवर जाऊन गावातली पाण्याची टाकी धुक्यातून दिसते का बघायची. दिसली नाही तर हेडमास्तरांना फोन करून उशीर होईल म्हणून कळवायचं आणि खुशाल दुसरा चहा घ्यायचा. निघताना फाटकाशी उभं राहून स्वेटरचं गळ्याजवळचं बटण एका हातानं लावून बघायचं. बोटांना बटण लावता येत नसेल तर त्यांच्याच्यानं ब्रेकही नीट दाबला जाणार नाही, मग चुलीपाशी जाऊन हात शेकायचे. मागचा लाल दिवा उजाडलं तरी विझवायचा नाही. कान मोकळे ठेवायचे, धुक्यात मागून काय येतंय ते कानांनाच आधी कळतं. थंडी वाजते, नाक गळतं, गळू द्यावं. आणि राजूरच्या त्या काळ्या पट्ट्यापाशी सायकलवरून उतरून सरळ पायी जायचं.

भासऱ्यांचा गट रोज राजूरच्या फाट्यावर चहा प्यायला जायचा. धुक्यामुळे उशिरा निघालेल्या शनिवारी मी त्या पट्ट्यावर सायकल हातात धरून चालताना त्यांना दिसायची. संध्याकाळी निरोप यायचा, "तिले सांग, सायकल चालवाले घेतली का हिंडवाले?" नवरा मुकाट्यानं तो मला द्यायचा. मी पोळ्या लाटत ऐकून घ्यायची. गटातली माणसं त्या पट्ट्यावरून जायची तेव्हा ऊन चांगलं वर आलेलं असायचं, दव सुकलेलं असायचं, हे मला दिसत होतं. ते पडत नव्हते यात त्यांची काही कर्तबगारी नव्हती. हे मी सांगू शकले असते. सांगितलं नाही. म्हटलं, एक दिवस लवकर निघतील.

तो दिवस गेल्या हिवाळ्यात आला, शनिवारीच. भासऱ्यांना कुठल्याशा लग्नाला जायचं होतं म्हणून ते रोजच्यापेक्षा तासभर आधी एकटेच निघाले. टाकी मला पुसटशी दिसली होती, म्हणून मीही निघाले होते. गावाबाहेर धुकं दाट झालं. राजूरच्या अलीकडे ते मला मागून ओलांडून गेले. मफलर दोन वेढे, मान खाली, पॅडलवर उभे. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पट्टा आला तशी मी उतरले. ते पंचवीसेक पावलं पुढे होते आणि वेग कमी करायचं नाव नव्हतं. त्यांच्या पुढे, धुक्यात, रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टरची एक ट्रॉली उभी होती. मला तिचा आकार दिसला. खाली मान घातलेल्या माणसाला ती दिसणार नव्हती, आणि दिसली की तो काय करणार हेही मला पाठ होतं. करकचून ब्रेक. माझा अंगठा घंटीवर होता.

मी घंटी वाजवली नाही. भीतीनं थिजले, असं काही झालं नाही. भासऱ्यांना हाक मारायची नसते ही रीत आठवली, आणि ती आठवून मला बरं वाटलं. दूधवाला आठवला. मनात म्हटलं, जा.

ते गेले. चाक माझं सरकलं होतं तसंच सरकलं, आणि ते ट्रॉलीपर्यंत न पोचताच रस्त्याच्या मधोमध आडवे झाले. मला आनंद झाला. तो जेमतेम एका श्वासाएवढा टिकला, कारण मागून टिप्परचा आवाज यायला लागला. माझे कान मोकळे होते, मला लांबूनच ऐकू आला. ते उठायची धडपड करत होते आणि त्यांना काहीच कळत नव्हतं. मग मात्र मी सायकल टाकली, ओढणी काढली आणि टिप्परच्या दिशेनं ओरडत, ओढणी हलवत धावत सुटले. मला सूड हवा होता, मढं नको होतं. टिप्परवाल्यानं ब्रेक मारला. गाडी घसरत घसरत माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली. त्यानंच खाली उतरून भासऱ्यांना उचललं.

डावं मनगट मोडलं आणि खांदा निखळला. दवाखान्यात सगळा गट जमला. मी दारात उभी होते. भासरे माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तिनं घंटी वाजवली असन, ओरडली बी असन. मी कान बांधून होतो, मले काहीच ऐकू नाही आलं. चूक माही हाय. तिले सांग, तिच्यामुळं वाचलो." नवऱ्याचे डोळे भरून आले. त्यानं माझ्याकडे वळून सगळं पुन्हा सांगितलं, शब्दन् शब्द. मी मान हलवली.

चारच दिवसांनी माझी जुनी सायकल अंगणात उभी दिसली. भासऱ्यांनी दूधवाल्याला दुसरी घेऊन दिली होती आणि माझी धुऊन पुसून, ब्रेकचे रबर बदलून परत आणवली होती. मी तर त्यांचीच गिअरची सायकल दूधवाल्याला द्यायला सांगणार होते, वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. ते घशातच राहिलं.

पुढे प्लास्टर गळ्यात अडकवून भासरे आल्यागेल्याला ती हकीकत सांगायला लागले. त्यांच्या सांगण्यात मी आधी एकदा घंटी वाजवली, मग तीनदा, संक्रांतीपर्यंत मी त्यांच्या मागे ओरडत धावले होते. रीत मोडून भावजयीनं हाक मारली, आणि आपण करंटे कान बांधून बसलो होतो, हे ते अशा सुरात सांगायचे की बायका माझ्याकडे कौतुकानं बघायच्या. गटानं माझे सगळे नियम उचलले. टाकी बघायची, बटण लावायचं, पट्ट्यावर उतरायचं, कान उघडे. तीन हिवाळे मी ज्या सुडासाठी दात-ओठ खाल्ले, तो घेऊन झाला होता आणि ज्याच्यावर घेतला त्या माणसाला त्याचा पत्ताच नव्हता. उलट तो माझे आभार मानत होता. इतका संताप मला सायकल गेली तेव्हाही आला नव्हता.

यंदाच्या थंडीत एका शनिवारी मी फाटकाशी बटण लावून बघत होते. भासरे त्यांची सायकल घेऊन आले. बऱ्याच महिन्यांनी पहिल्यांदाच निघाले होते. मफलर नुसता गळ्यात होता, कान उघडे आणि थंडीनं लाल. आजूबाजूला नवरा नव्हता. ते माझ्यासमोर उभे राहिले आणि वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"मले आता ऐकू येऊन राह्यलं," ते म्हणाले. "काही सांगाचं असन तं सांग. पुढं मी, मागं तू."

त्यांच्या तोंडून 'तू' ऐकून मला कसंतरीच झालं. पण राग अजून जागेवर होता, आणि तोच बोलला.

"त्या दिवशी तुमी पडाच्या आधी मी घंटी नव्हती वाजवली. ओरडली बी नव्हती. ट्रॉली दिसली होती मले. माही सायकल तुमी मले न विचारता देली होती, म्हणून गप्प राह्यली."

वाटलं, आता आवाज चढेल, नवऱ्याच्या नावानं हाक जाईल. त्यांनी मफलर वर घेतला, दोन्ही कानांवरून नेला, दोन वेढे दिले, हनुवटीखाली गाठ आवळली, आणि सायकलवर बसून निघाले.

मी मागे निघाले, माझ्या जुन्या सायकलवर. धुकं विरळ होतं. मी मुद्दाम त्या दिवसाएवढंच अंतर ठेवलं, पंचवीसेक पावलांचं, आणि घंटी वाजवायला सुरुवात केली. घ्या, म्हटलं, बांधा कान. शेतातल्या बाया कापूस वेचायच्या थांबून बघायला लागल्या. मी वाजवतच राहिले. ते वळले नाहीत, पण दर घंटीला त्यांचे खांदे कानांपर्यंत वर जात होते.

मग माझ्या लक्षात आलं आणि अंगठा थांबला. दोन वेढ्यांच्या मफलरातून, पंचवीस पावलांवरून, त्यांना प्रत्येक घंटी ऐकू येत होती. त्या दिवशी वाजवली असती तर तेव्हाही आली असती, आणि हे त्यांना दवाखान्यातच ठाऊक असणार.

काळा पट्टा आला. ते मान खाली घालून चालवतच होते. मी एकदा, एकदाच वाजवली. ते उतरले आणि सायकल हातात धरून चालायला लागले.